शंभरातले सहा

ग्रिम्सबीत साडेपाचला, मी शटर ओढायच्या बेतात असताना
डोरीन ब्लँचर्ड आत येते, छत्री न झटकता,
आणि ट्यूब काउंटरवर ठेवते,
शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली.
"हे जातं कुठं, एवढं सांग मला.
चोळते, गार लागतं, वास येतो. मग?"

एकतीस वर्षं तिनं गोदीवर हॅडॉक सोलले,
बर्फाच्या पाण्यात, उजव्या हातानं.
आता उजवा खांदा रात्री तीनला उठवतो,
पाळी असल्यासारखा.

हे मला सांगता येतं.
ब्रॅडफर्डला शिकताना मी डुकराच्या कानाची कातडी
काचेच्या दोन कुप्यांमध्ये ताणून बसवायचे,
वर जेल, खाली कोमट खारं पाणी,
आणि दर तासाला पाणी काढून मोजायचे किती उतरलं.
घरी फोनवर कानाचं बोलले नाही कधी.
पहिला तास: काही नाही.
दुसरा: काही नाही.
कातडी विचार करते.

सगळ्यात वरचा थर मेलेला असतो, डोरीन.
मेलेल्या पेशी, विटांसारख्या,
आणि विटांमध्ये चरबीचा चुना.
केसाहूनही बारीक भिंत,
आणि अख्खा देह तिच्या भरवशावर आत बसलेला.
गार लागतं ते औषध नव्हे,
ते उडून जाणारं स्पिरिट.
ते उडतं तसं मागे उरलेलं औषध दाटतं,
दाटलं की त्याला राहवत नाही,
मग चुन्यातून वाट काढतं,
विटेला वळसा, पुन्हा वळसा,
सापशिडीत साप आणि शिडी दोन्ही नसावेत तसं.
शंभरातले सहा पोचतात.

"आणि बाकीचे?"
ब्लाउजला. उशीच्या अभ्र्याला. टॉवेलला.
मोरीत, आणि मोरीतून हंबरला.
"सहा!" ती म्हणते, "आमच्या लाइनवर इतकं वाया घालवलं असतं
तर दुपारच्या चहाआधी घरी धाडलं असतं मला."

गिधाडांचं मी तिला सांगत नाही.
म्हसळ्याकडं, शाळेच्या वाटेवर एक बेहडा होता,
विष्ठेनं पांढरा, चुना मारल्यासारखा.
वर पंधरा-वीस मानाखाली, चिडक्या मास्तरांसारखी बसलेली.
म्हाताऱ्या बैलाचे पाय दुखतात
म्हणून हेच औषध टोचायचे त्याला.
बैल जायचा, ती उतरायची,
आणि मरायची, काळजावर पांढरं मीठ साचून.
सांध्यांच्या औषधानं पाखरांच्या पोटात संधिवात.
सातवीत होते तेव्हा झाड पुन्हा हिरवं झालं,
आम्हाला वाटलं, बरं झालं, घाण गेली.
मध्ये कातडी नव्हती.
शंभरातले शंभर पोचले होते.

"खरी अडचण वेगळीच आहे," डोरीन म्हणते,
आणि पिशवीतून लाकडी डाव काढते,
डावाला नवऱ्याचा मोजा बांधलेला.
"पाठीमागं हात पोचत नाही. यानं लावते.
मोजा पितो सगळं.
मोज्याचा खांदा अगदी ठणठणीत आहे."

मागच्या खोलीत वजनकाटा, बीपीचं मशीन,
फ्लूच्या लशीचं पोस्टर.
ती कार्डिगनची तीन बटणं काढते, चौथं मी.
हातमोजे घालते, नियम आहे.
फासळीच्या पात्याखाली गाठ लागते,
ओल्या दोरखंडाची असते तशी.
मी चोळत राहते.
पत्रकात लिहिलंय त्याहून जरा जास्तच वेळ.
काचेच्या कुपीत हात नसतो,
त्याचा आकडा माझ्या प्रबंधात नाही.

"आता किती वेळ?"
हळूहळू, मी म्हणते. चुन्यात साठून राहतं,
रात्रभर आत झिरपतं.
"म्हणजे तीनला ते जागं असेल."
असेल.

जाताना ती मोजा फेकत नाही.
घडी घालून डावासकट पिशवीत ठेवते.
उद्या रविवार, दुकान बंद असतं.